जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क पूर्ण का दिसत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मोठी डिस्क जोडली, कॉम्प्युटर सुरू केला आणि आकडा भलताच आला, की बहुतेकांचा हात आधी ‘फॉरमॅट’कडे जातो. तो हात थोडा वेळ आवरा. दिसणारा आकडाच अडचणीचा पत्ता सांगत असतो. ३१.५, १२७.९९, ७४६ किंवा २०४८ यांपैकी कोणता आकडा आलाय, त्यावरून गाडी बायोसपाशी (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अडली आहे, ड्रायव्हरपाशी, पार्टिशनच्या तक्त्यापाशी (डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत त्याची नोंद) की यूएसबीच्या डबीपाशी (बाहेरून जोडायच्या डिस्कचं कव्हर), हे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच कळतं. त्यामुळे पुढची बरीचशी उत्तरं आकड्यांच्या आधाराने दिली आहेत.

१ टीबीची डिस्क घेतली, विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. बाकीची जागा कुठे गेली?

कुठेही गेलेली नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजेच १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. बाइट तेवढेच, माप मोठं, म्हणून आकडा लहान येतो. छापलेल्या जीबीला ०.९३१ ने गुणलं की विंडोजमधला आकडा मिळतो: ५०० चे ४६५, २ टीबीचे १८६३, ३ टीबीचे २७९४, ४ टीबीचे सुमारे ३७२६. मॅकवर २००९ पासून दशमान मोजणी आहे, म्हणून तीच डिस्क तिथे सरळ १ टीबी दिसते.

आकडा या हिशोबात बसत असेल तर डिस्कला काहीही झालेलं नाही. त्याहून बराच कमी असेल, तरच पुढे वाचा.

आकडा नेमका कुठे बघायचा?

तीन ठिकाणी, आणि याच क्रमाने. पहिलं ठिकाण बायोसचा पडदा. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि डिस्कच्या नावापुढची क्षमता कागदावर लिहून घ्या. दुसरं ठिकाण विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, त्यातही खालचा भाग. तिथे प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी असते आणि डाव्या चौकोनात डिस्कची एकूण क्षमता लिहिलेली असते. तिसरं ठिकाण नेहमीचं माय कॉम्प्युटर (नव्या विंडोजमध्ये ‘धिस पीसी’).

फक्त तिसऱ्या ठिकाणी आकडा कमी असेल आणि डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीत उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून काळ्या रेघेखाली दिसत असेल, तर प्रश्न पार्टिशनचा आहे आणि तो सगळ्यात सोपा. डाव्या चौकोनातला एकूण आकडाच कमी असेल, तर ड्रायव्हर, यूएसबीची डबी, बायोस किंवा डिस्कवरचीच एखादी मर्यादा आड येतेय. बायोसमध्ये कमी आणि विंडोजमध्ये पूर्ण, असंही होतं. नव्या ऑपरेटिंग प्रणाली (विंडोज, लिनक्स) सुरू झाल्यावर बायोसला न विचारता थेट डिस्कशी बोलतात, म्हणून. डिस्क फक्त साठवणीसाठी असेल तर अशा वेळी बायोसचा आकडा मनावर घेऊ नका.

पण अशा मर्यादा आल्याच कुठून? कुणी मुद्दाम घातल्या होत्या का?

मुद्दाम कुणीच नाही. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे सहसा ५१२ बाइटच्या छोट्या कप्प्याला, पत्ता लागतो आणि तो लिहायला ठरावीक बिट राखून ठेवलेले असतात. बिट संपले की पत्ते संपले. प्रत्येक वेळी ‘एवढे पुष्कळ झाले’ असं वाटलं आणि काही वर्षांतच डिस्क त्यापुढे गेल्या.

सगळ्यात बोलकं उदाहरण पहिल्या भिंतीचं आहे. जुना बायोस पत्ता लिहिताना सिलिंडरला (डिस्कवरच्या वर्तुळाकार मार्गांना) १० बिट, हेडला (वाचणाऱ्या डोक्याला) ८ आणि सेक्टरला ६ बिट द्यायचा. आयडीई डिस्कची (रुंद पट्टीच्या केबलने जोडायच्या जुन्या डिस्कची) पद्धत वेगळी होती: सिलिंडरला १६, हेडला ४, सेक्टरला ८. दोघांचं जमवायचं तर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच चालणार. म्हणून १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. त्याला ५१२ ने गुणलं की येतात ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे विंडोजच्या मापात ५०४ एमबी. दोन्ही पद्धती एकेकट्या याच्या कितीतरी पुढे जाऊ शकत होत्या. त्या एकत्र आल्या आणि दोघींचे अरुंद भाग एकमेकांवर बसले.

मग बायोसने हेडचे आकडे फिरवून सांगायला सुरुवात केली आणि भिंत ८.४ जीबीपर्यंत सरकली. त्यानंतर ३३.८ जीबीची आली, मग १३७ ची, आणि शेवटी २.२ टीबीची. आज लोकांना खरोखर आडव्या येतात त्या या शेवटच्या दोन. म्हणून त्यांवर सविस्तर लिहितो.

बायोस डिस्क ओळखतानाच गोठतो किंवा ३१.५ जीबी दाखवतो. काय करू?

ही ३३.८ जीबीची भिंत. १९९९ च्या मध्याआधीच्या अवॉर्ड कंपनीच्या बऱ्याच बायोसमध्ये ती आढळते. सिलिंडरचा आकडा ६५,५३५ च्या पुढे गेला की बायोस गडबडतो, आणि काही बोर्ड तर डिस्क ओळखण्याच्या टप्प्यावरच थांबून राहतात.

त्या काळातल्या अनेक आयडीई डिस्कवर यासाठीच एक जास्तीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असायचा. तो लावला की डिस्क स्वतःला लहान म्हणवते आणि कॉम्प्युटर निदान सुरू तरी होतो. याची उलटी बाजूही लक्षात असू द्या. कुणाच्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली ८० जीबीची डिस्क नव्या मशीनवरही ३२ च दिसत असेल, तर आधी मागचे जंपर बघा. मास्टर-स्लेव्हच्या जंपरशेजारी ही एक टोपी वर्षानुवर्षं तशीच राहिलेली असते.

१६० जीबीची डिस्क १२७.९९ जीबी का दिसते?

डिस्क आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या जुन्या एटीए पद्धतीत सेक्टरच्या पत्त्याला २८ बिट होते. दोनचा २८ वा घात म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. गुणिले ५१२ म्हणजे १३७.४ जीबी, आणि विंडोजच्या मापात बरोबर १२८. पुढे एटीए-६ मध्ये पत्ता ४८ बिटांचा झाला आणि ही भिंत गेली. पण ती जायला तीन जण तयार असावे लागतात: डिस्क, बायोस किंवा कंट्रोलर (डिस्क हाताळणारी चिप), आणि प्रणाली. डिस्क तयार असतेच. उरलेल्या दोघांपैकी एक जण अडतो.

विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीत ही सोय नव्हती, ती २००२ मध्ये सर्व्हिस पॅक १ मध्ये आली. त्यामुळे मूळ सीडीवरून इन्स्टॉल करताना सेटअप १,३१,०७० एमबीच दाखवतं. हा आकडा दिसला की सीडी जुनी आहे हे ओळखा. सर्व्हिस पॅक आधीच मिसळलेल्या सीडीवरून इन्स्टॉल करणं उत्तम. नाहीतर सुरुवातीला लहान पार्टिशन करा, त्यावर एक्सपी आणि सर्व्हिस पॅक घाला, आणि उरलेल्या जागेचं दुसरं पार्टिशन नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

विंडोज २००० ला किमान सर्व्हिस पॅक ३ हवा, शिवाय रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘एनेबलबिगएलबीए’ ही किल्ली १ करावी लागते. ही किल्ली लावण्याआधी बायोसला ४८ बिट झेपतात याची खात्री करून घ्या. विंडोज ९८ आणि एमई यांच्यात ही सोय मुळातच नाही. त्या मशीनवर १२० जीबीपर्यंतची डिस्क लावावी आणि समाधान मानावं.

पूर्ण १६० जीबीचं पार्टिशन दुसऱ्या मशीनवर करून आणलं तर चालेल का?

कृपया करू नका. या पानावरची ही सगळ्यात गंभीर सूचना आहे.

असं पार्टिशन जुन्या मशीनला १६० जीबी दिसतं, फाइली उघडतात, सगळं सुरळीत वाटतं. महिनोन्‌महिने वाटतं. मग एके दिवशी डिस्क १३७ जीबीपर्यंत भरते आणि पुढची फाइल त्या रेषेपलीकडे लिहायची वेळ येते. पत्ता २९ बिटांचा झालेला असतो, पण खालच्या थराकडे जागा २८ चीच असते. सगळ्यात वरचा बिट गळून पडतो आणि पलीकडचा पत्ता अलीकडचा होऊन बसतो. जे लिहिणं डिस्कच्या टोकाला जायचं, ते डिस्कच्या सुरुवातीला येऊन पडू शकतं. आणि सुरुवातीला काय असतं? पार्टिशनचा तक्ता आणि फाइलींची नोंदवही. एक गाणं कॉपी करताना आधीच्या सगळ्या फोटोंचे पत्ते पुसले जाऊ शकतात, आणि त्या क्षणी पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही.

म्हणून नियम एकच धरा: ज्या मशीनवर डिस्क वापरायची, त्या मशीनला ती पूर्ण दिसल्याशिवाय तिच्यावर काहीही लिहू नका.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबीच दिसते. डिस्क खराब आहे का?

नाही. हा आकडा दिसला की मला उलट हायसं वाटतं, कारण इतकं स्वच्छ निदान फार कमी वेळा मिळतं.

३ टीबीच्या डिस्कवर सहसा ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर असतात. ३२ बिटांच्या पत्त्यात मावतात ४,२९,४९,६७,२९६. पहिल्यातून दुसरा वजा करा, उरतात १,५६,५५,६५,८७२. त्याला ५१२ ने गुणा, जीबी करा, आणि उत्तर येतं ७४६.५. म्हणजे साखळीतल्या कुणीतरी सेक्टरची संख्या ३२ बिटांच्या खणात कोंबली, वरचा भाग सांडला आणि उरलेल्यालाच तो पूर्ण डिस्क समजला. हाच हिशोब ४ टीबीच्या डिस्कला लावला तर १६७८ येतात.

हे ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा मदरबोर्डच्या साटा (नव्या डिस्कची जोडणी) कंट्रोलरचा जुना ड्रायव्हर असतो, विशेषतः रेड किंवा एएचसीआय या डिस्क चालवण्याच्या पद्धतींसाठी वेगळा घातलेला. त्याची नवी आवृत्ती घाला. ती मिळत नसेल तर तो काढून टाका आणि विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर लागू द्या. डिस्क यूएसबीने जोडलेली असेल तर दोष डबीतल्या चिपचा, आणि तिथे डबी बदलणं हाच उपाय. आधी हे करा, पूर्ण आकडा दिसू द्या, पार्टिशन त्यानंतर. ७४६ वरच घाईने पार्टिशन केलंत तर पुढे सगळं पुन्हा करावं लागतं.

४ टीबीची डिस्क पूर्ण ओळखली, पण २०४८ जीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

ही एमबीआरची मर्यादा. एमबीआर म्हणजे पार्टिशनचा जुना तक्ता, आणि त्यात सेक्टरचा आकडा लिहायला ३२ बिटच असतात. ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टीबी म्हणजे छापील मापात २.२ टीबी, की संपलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबीचा एक तुकडा आणि सुमारे १६७८ जीबीचा दुसरा ‘अनअलोकेटेड’ तुकडा दिसतो. दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर ‘न्यू व्हॉल्यूम’ फिकट असतं.

उपाय म्हणजे जीपीटी, म्हणजे पार्टिशनचा नवा तक्ता. डिस्क रिकामी असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. पार्टिशन असतील तर हा पर्याय उघडत नाही. ती आधी काढावी लागतात, म्हणजे डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागतो. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडच्या साधनातून करणार असाल तर ‘लिस्ट डिस्क’ देऊन डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचा, मगच ‘सिलेक्ट’ आणि ‘क्लीन’. ‘क्लीन’ दुसऱ्यांदा विचारत नाही. शेवटी ‘कन्व्हर्ट जीपीटी’ दिल्यावर ‘लिस्ट डिस्क’मध्ये जीपीटीच्या रकान्यात तारा दिसला, की काम झालं.

जुन्या बायोसच्या मशीनवर जीपीटी चालेल का?

साठवणीच्या डिस्कसाठी चालेल. व्हिस्टापासून पुढचं कुठलंही विंडोज बायोसच्या मशीनवरही जीपीटी डिस्क वाचतं आणि लिहितं. पण विंडोज तिच्यावरून सुरू करायचं असेल तर यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्राम) लागतं आणि विंडोज सहसा ६४ बिटांचं लागतं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन मिळतं. ते डेटा न पुसता बदल करतं खरं, पण नंतर मशीनला यूईएफआयने सुरू व्हावंच लागतं. बायोस जुना असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला साधा आहे: विंडोज जुन्या लहान डिस्कवर किंवा लहान एसएसडीवर राहू द्या आणि मोठी डिस्क फक्त साठवणीसाठी जीपीटी करा. लिनक्सवाल्यांना एक पळवाट आहे. जीपीटी डिस्कवर एक एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन ठेवलं की ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) जुन्या बायोसवरूनही सुरू होतो.

एक्सपीवर जीपीटी डिस्क जोडली तर?

३२ बिटांचं एक्सपी तिला ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ म्हणून दाखवतं आणि आत जाऊ देत नाही. एक्सपी ठेवणं भागच असेल तर २ टीबीपर्यंतची डिस्क घ्या, किंवा मोठी डिस्क नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनला जोडून तिथून वापरा. नेटवर्कवरून येणाऱ्या फोल्डरला ही कुठलीच मर्यादा लागत नाही, कारण डिस्क सांभाळणारा दुसराच असतो.

यूएसबीच्या डबीत पूर्ण दिसणारी डिस्क आत जोडली तर रिकामी दिसते. डेटा गेला का?

बहुधा गेलेला नाही. पडद्यावर ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असं येईल. तिथे ‘कॅन्सल’ करा आणि डिस्क पुन्हा डबीत घाला.

हे माझ्या हातूनही होता होता राहिलं. ३ टीबीची बाहेरची डिस्क होती, यूएसबीचं पोर्ट सैल झालं होतं, म्हणून डिस्क काढून थेट साटा केबलने जोडली. विंडोज सुरू झालं, खिडकी आली, ‘एमबीआर की जीपीटी?’ माउस ‘ओके’वर होता. मनात आलं, ही डिस्क कालपर्यंत भरलेली होती, आज ही मला नवी असल्यासारखं का विचारतेय? बोट थांबलं. दुसरं पोर्ट शाबूत असलेली तशीच डबी मिळवून डिस्क त्यात घातली आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे होते.

कारण असं: काही डब्यांतली चिप कॉम्प्युटरला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर सांगते. सेक्टर आठपट मोठा झाला की एमबीआरची मर्यादाही आठपट वाढते, २ टीबीची १६ टीबी होते. एक्सपीलाही मोठी डिस्क वापरता यावी म्हणून केलेली ही सोय. पण डिस्क डबीबाहेर काढली की सेक्टर पुन्हा ५१२ चे होतात आणि तक्त्यातले सगळे आकडे आठपट चुकतात. म्हणून अशी डिस्क हलवायची असेल तर आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग नव्या जागी नव्याने पार्टिशन करा.

बायोस अपडेट करू की कार्ड लावू?

१३७ जीबीच्या भिंतीसाठी दोन्ही चालतात. बायोसची नवी आवृत्ती मिळत असेल आणि ती अचूक त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची असेल, तर करा. रिव्हिजन बोर्डावर छापलेली असते. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएसशिवाय करू नका.

मला स्वतःला पीसीआयचं कंट्रोलर कार्ड जास्त भरवशाचं वाटतं. त्याचा स्वतःचा बायोस असतो, मोठी डिस्क तो ओळखतो आणि मदरबोर्डाला काही कळायची गरज उरत नाही. नको असेल तेव्हा काढून टाकता येतं. जुन्या डिस्कसोबत ‘ओव्हरले’ नावाचं सॉफ्टवेअर यायचं. ते डिस्कच्या सुरुवातीला बसून बायोसला वळसा घालायचं. ते आज वापरू नये असं माझं ठाम मत आहे. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की वाचताच येत नाही, आणि तो पहिला सेक्टर बिघडला की सगळंच अडतं.

जंपर नाही, ड्रायव्हर नवा आहे, तरीही आकडा थोडा कमी येतो.

डिस्कवर ‘होस्ट प्रोटेक्टेड एरिया’ असेल. हा शेवटचा राखीव भाग असतो आणि डिस्क तो स्वतःच लपवते. काही तयार कॉम्प्युटर रिकव्हरीसाठी तो ठेवतात, काही बोर्ड बायोसची प्रत तिथे ठेवतात. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि एचडीपार्म या कमांडला कॅपिटल एनचा पर्याय द्या. दोन आकडे दिसतील, दिसणारे सेक्टर आणि मूळ सेक्टर. दोन्ही सारखे नसतील तर निदान झालं. तो भाग उघडण्याआधी त्यात कामाचं काही नाही ना, हे तपासा.

डिस्क मुळीच दिसत नाही.

हा क्षमतेचा प्रश्न नाही, पण विचारला नेहमी जातो. जुन्या व्हीआयए चिपसेटच्या काही बोर्डांना, उदाहरणार्थ व्हीटी८२३७ असलेल्या, साटाच्या नव्या वेगाच्या डिस्क ओळखता येत नाहीत. डिस्कवर वेग १.५ गिगाबिटवर आणायचा जंपर असेल तर तो लावून बघा. आणि डिस्क फिरतच नसेल, तर काही नव्या डिस्कमध्ये साटा वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते. जुन्या चार पिनच्या मोलेक्स वीजजोडणीवरून साटा करणारं अडॅप्टर लावलं की ते व्होल्ट पोचत नाहीत आणि डिस्क फिरू लागते.

सगळं करून पूर्ण आकडा आला. आता डेटा टाकू का?

एक चाचणी अजून बाकी आहे. आकडा दिसणं वेगळं आणि शेवटच्या सेक्टरपर्यंत लिहिता येणं वेगळं, हे वर १३७ जीबीच्या उत्तरात पाहिलंच. डिस्क रिकामी असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवरचं एफथ्री चालवा. ही साधनं डिस्क काठोकाठ भरतात आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. पत्ता कुठे गुंडाळला जात असेल तर इथे पकडला जातो, आणि खोटी क्षमता छापलेल्या नकली पेनड्राइव्ह किंवा एसएसडीसुद्धा इथेच उघड्या पडतात. ४ टीबीला बरेच तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा आणि मशीन झोपी जाऊ नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. सकाळी एकही चूक नोंदलेली नसेल तर चाचणीच्या फाइली पुसा आणि कॉपी सुरू करा. मूळ डिस्क मात्र अजून महिनाभर तशीच बाजूला ठेवा.